पंधरा मिनिटांचा इन्शुरन्स

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडच्या बाजूला राहता. मुलांच्या शाळेपासून जवळच पॅराएज्युकेटरची (वर्गात शिक्षकाच्या मदतनीसाची, थोडक्यात ‘पॅरा’ची) नोकरी मिळाली आहे, सप्टेंबरपासून. मुलाखतीत रोज साडेतीन तास, वर्षाला 180 दिवस असं तोंडी ठरलं आणि इन्शुरन्स मिळेल असंही सांगितलं. हातात पत्र आलं तेव्हा त्यावर सव्वातीन तास होते आणि इन्शुरन्सचा उल्लेख गायब. न्यू जर्सीतल्या एडिसनची मैत्रीण म्हणते, ‘अगं, पार्ट-टाइमवाल्यांना कुठे देतात? मला आठवड्याला वीस तास भरूनही नाही.’ तुमच्या मिस्टरांच्या कंपनीचा इन्शुरन्स आहेच. मग पंधरा मिनिटांसाठी पहिल्याच दिवशी वाद घालावा का, असं तुम्ही विचारलंत.

इन्शुरन्स घ्यावा की नाही हा नंतरचा प्रश्न झाला. खरा प्रश्न त्या पंधरा मिनिटांचा आहे. ती सहज कमी झाली असतील असं मला वाटत नाही.

मी सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, पेरोल आणि बेनिफिट्सच्या टेबलावर वीसेक वर्षं बसते आहे. वकील नाही. पण शाळेच्या नोकरदारांच्या इन्शुरन्सचा आपल्या राज्यातला कायदा आला तेव्हा त्याचे फॉर्म माणसांकडून भरून घेणाऱ्यांपैकी मी एक होते, त्यामुळे त्याचे कोपरे मला ठाऊक आहेत.

आधी एडिसनच्या मैत्रिणीचं. ती तिच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत शाळेच्या नोकरदारांना इन्शुरन्स कसा द्यायचा हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवतं. न्यू जर्सीत शाळा राज्याच्या योजनेत असेल, तर 2010 च्या कायद्यानंतर लागलेल्या माणसाला आठवड्याला किमान 25 तास भरावे लागतात. वीस तासांना दार बंद. टेक्सासची तऱ्हा उलटी. तिथे 2001 च्या कायद्याने शाळांसाठी राज्याची योजना काढली. तिच्यात आठवड्याला दहा तासवालाही बसतो, पण राज्याचे महिना 75 डॉलर आणि डिस्ट्रिक्टचे किमान 150 हे आकडे 2002 पासून तिथेच आहेत. दार सताड उघडं, आत ताटात मात्र फारसं काही नाही. डॅलसकडच्या ओळखीच्या शिक्षिका मुलांना स्वतःच्या योजनेत का घेत नाहीत, याचं कारण हेच.

आपल्या राज्यात या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. दाराला उंबरठा आहे, आणि तो ओलांडला की सगळ्यांना सारखं ताट. उंबरठा म्हणजे शालेय वर्षात, 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट, 630 तास. आता 630 ला 180 दिवसांनी भागा. साडेतीन येतात, तंतोतंत. सव्वातीनला 180 ने गुणलं की 585. म्हणजे तुम्ही 45 तासांनी बाहेर. अर्ध्या तासाने हुकलात काय नि 45 तासांनी हुकलात काय, मिळणारी रक्कम शून्यच. आणि 631 तासांच्या पॅराला डिस्ट्रिक्टकडून तेवढंच योगदान मिळतं जेवढं पूर्णवेळ शिक्षकाला. मधली पायरी नाही.

हे असं का, ते समजलं तर एचआरशी बोलताना तुमचा आवाज आपोआप ठाम होईल, म्हणून थोडं मागे जाते.

2020 च्या आधी प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपापल्या युनियन्सशी इन्शुरन्सचा वेगळा करार करायचं. राज्य पूर्णवेळ जागेमागे ठरावीक रक्कम द्यायचं, कित्येक वर्षं ती महिना 768 डॉलर होती. अर्धवेळ माणसाला त्यातले अर्धे. ज्यांचा हप्ता त्याहून कमी बसे, त्यांचे उरलेले पैसे एका सामाईक पिशवीत जात. त्याला आम्ही ‘पूल’ म्हणायचो. तो त्या युनियनमधल्या, घरच्यांनाही कव्हर घेतलेल्या लोकांत वाटला जाई. पूल दरवर्षी शरद ऋतूत नव्याने मांडायचा, आणि तोपर्यंत कुणालाच कळत नसे की आपल्या पगारातून नेमके किती कापले जाणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पे-स्लिप आली की माझ्या टेबलापुढे रांग. एका शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाई होत्या, दिवसाला चार तास. नवरा आणि तीन मुलं त्यांच्या इन्शुरन्सवर. एका महिन्याला त्यांच्या हातात एकेचाळीस डॉलर आले. त्या स्लिप घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, हे छापताना चूक झाली असेल ना? चूक झाली नव्हती. मी तीनदा गणित केलं.

अशा बाया राज्यभर होत्या. 2012 मध्ये विधिमंडळाने एक कायदा करून डिस्ट्रिक्टांकडून माहिती मागवली आणि उद्दिष्ट घातलं की कुटुंबाच्या कव्हरला कर्मचाऱ्याला पडणारा भार एकट्याच्या कव्हरच्या तिपटीपेक्षा जास्त नसावा. ते फारसं साधलं नाही. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅक्लिअरी खटल्यात निकाल दिला की राज्य शाळांना घटनेनुसार पुरेसा पैसा देत नाही. विधिमंडळाने चालढकल केली, तेव्हा 2015 मध्ये न्यायालयाने दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. शेवटी जून 2017 मध्ये घाईघाईत जे मोठं बिल मंजूर झालं, क्रमांक 2242, त्यात मालमत्ता कर, शिक्षकांचे पगार यांच्यासोबत इन्शुरन्सही बसवला. 1 जानेवारी 2020 पासून राज्यातल्या सगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टांसाठी एकच योजना: स्कूल एम्प्लॉईज बेनिफिट्स बोर्ड. आम्ही नुसतं ‘सेब’ म्हणतो.

सेबमध्ये वैद्यकीय योजनेसाठी डिस्ट्रिक्टचं योगदान राज्यभर एका सूत्राने ठरतं: यूएमपी अचीव्ह 2 नावाच्या योजनेच्या हप्त्याच्या 85 टक्के. दात, डोळे, बेसिक आयुर्विमा यांचा सगळा खर्च डिस्ट्रिक्टचा. एकट्याचा हप्ता 1 धरला तर जोडीदारासह 2, मुलांसह पावणेदोन, सगळं कुटुंब 3. ते जुनं तिपटीचं उद्दिष्ट इथे प्रत्यक्ष दरपत्रकात उतरलं. त्या स्वयंपाकघरातल्या बाईंच्या पगारातून पहिल्या महिन्यात जे इतकं कमी कापलं गेलं ते पाहून त्या पुन्हा टेबलाशी आल्या आणि पुन्हा तेच विचारलं, चूक झाली का.

सगळ्यांचंच भलं झालं असं मात्र नाही. ज्या डिस्ट्रिक्टांत जुन्या करारात चांगल्या योजना होत्या, तिथल्या एकट्या, पूर्णवेळ शिक्षकांना पूर्वी शून्य हप्ता पडायचा, आता काहीतरी पडतो. त्यांची कुरकुर मी ऐकली आहे आणि ती खोटी नव्हती.

आता तुमची पंधरा मिनिटं. राज्य डिस्ट्रिक्टला पैसे देतं ते डोकी मोजून नव्हे, जागा मोजून. शिक्षक नसलेल्या कर्मचाऱ्याची एक पूर्ण जागा म्हणजे वर्षाला 2080 तास. अशी माणसं बहुतेक अर्धवेळ असतात हे धरून राज्य एका जागेमागे 1.43 माणसांच्या इन्शुरन्सचे पैसे देतं. जानेवारी 2020 चा दर माणशी महिना 994 डॉलर होता, तो घेऊन पाहू. 630 तासांची पॅरा म्हणजे साधारण 0.3 जागा. 0.3 गुणिले 1.43 गुणिले 994, म्हणजे राज्याकडून सव्वाचारशेच्या आसपास. डिस्ट्रिक्टला मात्र तुमच्यामागे पूर्ण 994 भरायचे. उरलेले साडेपाचशेहून जास्त डॉलर दरमहा स्थानिक करातून, म्हणजे तुमच्या-आमच्या लेव्हीतून. आणि ही जागा राज्याच्या सूत्रात बसते असं धरून. डिस्ट्रिक्टने स्वतःच्या हिमतीवर जास्तीची पॅरा ठेवली असेल तर 994 चे 994 खिशातून. वर्षाचे झाले 11,928. सव्वातीन तासांच्या पॅरामागे यातलं काहीच नाही.

हे लक्षात आलं की दिसतं, 2020 नंतर ठिकठिकाणी सव्वातीन, तीन-वीस, 3.4 अशा विचित्र तासांच्या जागा का दिसू लागल्या. कुणा प्रिन्सिपलचा तुमच्यावर राग नसतो. बजेट ऑफिसमधल्या एका रकान्यातून ते येतं. मी स्वतः अशा बैठकीला बसले आहे, जिथे एका ओळीत चाळीस जागांचे तास कमी केले गेले आणि त्या ओळीचं नाव होतं ‘शेड्यूल अडजस्टमेंट’. बोलायला हवं होतं, बोलले नाही.

आपल्याकडच्या बायका इथे एक डाव हमखास टाकतात, म्हणून आधीच सांगते. ‘मला इन्शुरन्स नकोच आहे, मिस्टरांचा आहे. मी वेव्ह करते, म्हणजे नाकारते, तास तेवढे साडेतीन द्या.’ वाटतं की डिस्ट्रिक्टला काय, त्यांचे पैसे वाचतील. वाचत नाहीत. तुम्ही वैद्यकीय कव्हर वेव्ह केलं तरी डिस्ट्रिक्टला राज्याकडे तुमच्या नावाने पूर्ण रक्कम भरावीच लागते. त्यातला एक डॉलरही तुम्हाला मिळत नाही, त्यांनाही नाही. त्यामुळे हा सौदा समोरच्या माणसाला ऐकूसुद्धा येत नाही. उलटही खरं आहे: ‘630 च्या वर गेले तरी इन्शुरन्स मागणार नाही’ असं तुमच्याकडून लिहून घेतलं, तरी त्याला अर्थ नाही. पात्रता कायद्याने ठरते, चिठ्ठीने नाही.

मग काय चालतं? तास जोडणं चालतं. एकाच डिस्ट्रिक्टमधल्या तुमच्या सगळ्या कामांचे तास एकत्र मोजतात, पद वेगळं असलं तरी. दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टांचे मात्र जोडता येत नाहीत. सकाळी इकडे दोन तास, दुपारी तिकडे दोन तास हा प्रकार इथे उपयोगाचा नाही. पगारी प्रशिक्षण धरतात, भरपगारी रजाही धरतात. तुमचे 585 आहेत. नव्या पॅरांच्या प्रशिक्षणाचे समजा दोन दिवस, सोळा तास. झाले 601. शाळा सुटताना बसच्या रांगेपाशी उभं राहण्याची ड्यूटी असते, रोजची दहा मिनिटं. 180 दिवसांचे तीस तास. 631. मी हे कागदावर खेळ म्हणून मांडत नाही. दोन वर्षांपूर्वी एका पॅराचं प्रकरण याच बेरजेवर सुटलं, कारण ती बस ड्यूटी करतच होती, फक्त टाइमशीटवर लिहीत नव्हती. ‘दहा मिनिटांचं काय लिहायचं’ म्हणून.

पात्रता नोकरीच्या सुरुवातीला अंदाजाने ठरवतात: या वर्षात 630 भरतील असं अपेक्षित आहे का. नाही म्हटलं आणि पुढे कामाची आखणी बदलली, किंवा बदली-पॅरा म्हणून जास्तीचं काम करता करता मीटर खरोखर 630 वर गेलं, तर तेव्हापासून तुम्ही पात्र. म्हणून स्वतःची वही ठेवा. रोजचे तास, मिनिटांसकट. आणखी एक नियम फार थोड्यांना माहीत असतो: सलग दोन वर्षं तुम्ही 630 भरले आणि त्याच प्रकारच्या कामावर परत येत असाल, तर तिसऱ्या वर्षी तुम्ही पात्र आहात असंच गृहीत धरायचं असतं. नाही म्हणायचं असेल तर कारण डिस्ट्रिक्टने लेखी द्यायचं.

युनियनच्या बिल्डिंग रेपला, म्हणजे तुमच्या शाळेतल्या प्रतिनिधीला, भेटा. इन्शुरन्सचे आकडे आता स्थानिक करारात ठरत नाहीत. ते गव्हर्नरच्या कार्यालयाशी युनियन्सची आघाडी राज्यपातळीवर ठरवते. पण तास अजून स्थानिक आहेत, त्यामुळे घासाघीस तिथे सरकली आहे. शिवाय 180 ते 630 तासांमधल्या लोकांना इन्शुरन्स देण्याचा करार डिस्ट्रिक्टने स्वतःहून करावा अशी मुभा कायद्यात आहे. फार कमी करतात, पण तुमच्याकडे आहे का हे रेपला एका मिनिटात सांगता येईल.

आता दुसरा भाग: मिस्टरांचा इन्शुरन्स असताना हा हवा का? इथे मी ठाम उत्तर देणार नाही, कारण ते तुमच्या घरच्या तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे.

वेव्ह करता येतं ते फक्त वैद्यकीय, तेही तुम्ही दुसऱ्या नोकरीच्या ग्रुप योजनेत, मेडिकेअरमध्ये (ज्येष्ठांच्या सरकारी योजनेत) किंवा ट्रायकेअरमध्ये (सैन्यातल्यांच्या योजनेत) असाल तर. दात आणि डोळे वेव्ह होत नाहीत, ते मिळतातच. म्हणजे तुमच्या दातांना दोन योजना: तुमची स्वतःची आधी, मिस्टरांची नंतर. मुलांना दोन्हीत घेतलंत, तर ज्या पालकाचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याची योजना आधी. पत्रिका जुळवताना कुणी हा मुद्दा काढत नाही, पण क्राउन बसवायचा असला की फार कामाला येतो.

मिस्टरांची योजना मोठ्या डिडक्टिबलची (आधी बराच खर्च स्वतः करायचा अशी), एचएसए खात्यासह (उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यासह) असेल, तर जपून. तुम्ही त्यांना सेबच्या साध्या योजनेत घेतलंत किंवा स्वतःच्या नावावर साधं मेडिकल एफएसए (उपचारखर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) उघडलंत, की त्यांना एचएसएमध्ये पैसे भरता येत नाहीत. दोन ठिकाणची दोन एचआर ऑफिसं हे तुम्हाला सांगणार नाहीत, कारण दोघांना एकमेकांचं दिसत नाही. आणि मिस्टरांनी स्वतःच्या कंपनीचं चांगलं कव्हर सोडून तुमच्यावर यायचं ठरवलं, तर त्याचा महिना 50 डॉलर अधिभार लागू शकतो.

राहिला लेऑफ. तुमच्या प्रश्नात तो नव्हता, पण आमच्याकडे येणारी प्रत्येक मराठी बाई शेवटी आवाज खाली आणून तोच विचारते. मिस्टरांची नोकरी गेली आणि त्यांचं कव्हर संपलं, तर तुम्हाला 60 दिवसांत सेबमध्ये येता येतं आणि सगळ्यांना घेता येतं. ओपन एनरोलमेंटची, म्हणजे योजना निवडायच्या वार्षिक मुदतीची, वाट पाहावी लागत नाही. म्हणून वेव्ह केलं तरी पात्रता हातात असणं मोलाचं. पण तुम्ही ग्रीन कार्डवर आहात की एच-4 ईएडीवर (एच-1बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या काम-परवान्यावर), ते तुम्ही लिहिलं नाही. ईएडी असेल तर तुमची काम करण्याची परवानगीच मिस्टरांच्या एच-1बीवर टांगलेली आहे. नोकरी गेल्यावर त्यांना मिळणारी मुदतही जास्तीत जास्त 60 दिवसांचीच. ती संपली तर तुमची छत्री त्यांच्याच दांड्यावर होती असं होतं. त्या परिस्थितीत इमिग्रेशन वकिलाशी आधी बोला, माझ्याशी नंतर.

एक सापळा सांगते. पात्र ठरल्यापासून 31 दिवसांत पोर्टलवर निवड केली नाही, वेव्हही केलं नाही, तर तुम्हाला आपोआप यूएमपी अचीव्ह 1 मध्ये, एकटीला, टाकलं जातं. शिवाय तंबाखू वापरत नाही हे कळवलं नाही म्हणून महिना 25 डॉलर वेगळे. 2019 च्या शरदात पहिलं ओपन एनरोलमेंट होतं, 1 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. मी लॅपटॉप घेऊन पहाटे पाचला बस बार्नमध्ये (शाळेच्या बसांच्या डेपोत) बसायचे, कारण ड्रायव्हर सापडायची तीच वेळ. कॉफीचं यंत्र, ओल्या जाकिटांचा वास, आणि एकेक माणूस खुर्चीत बसून पासवर्ड आठवायचा. त्यातल्या एका सद्गृहस्थांनी ‘बघू नंतर’ म्हणून टाळलं. जन्मात सिगरेट न ओढलेला माणूस, जानेवारीपासून तंबाखूचे 25 डॉलर भरू लागला. त्याचं फार काही गेलं नाही, सांगितल्यावर ते पुढे थांबलं. पण एका पॅराची दोन मुलं त्याच चुकीने कव्हरबाहेर राहिली, आणि त्यांच्यासाठी पुढच्या शरदापर्यंत थांबावं लागलं.

तारखा बघा. 1 सप्टेंबर ते शाळेचा पहिला दिवस या काळात रुजू झालात तर कव्हर पहिल्या दिवसापासून. त्यानंतर रुजू झालात तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. त्यामुळे पत्रातले तास सुधारून घ्यायचे ते आत्ता, ऑगस्टमध्ये. नकार आला तर तो लेखी मागा आणि 30 दिवसांच्या आत डिस्ट्रिक्टकडेच फेरतपासणीचा अर्ज करा. तिथे नाही जमलं तर राज्याच्या हेल्थ केअर ऑथॉरिटीकडे अपील आहे.

वाद घालायची गरज नाही. उद्या सकाळी एचआरला दोन ओळींची ईमेल पाठवा, प्रिन्सिपलना कॉपी ठेवून: मुलाखतीत साडेतीन तास ठरले होते, पत्रात सव्वातीन आहेत, यातलं बरोबर कोणतं? आणि प्रशिक्षण व ड्यूट्या धरून या वर्षात माझे एकूण किती तास अपेक्षित आहेत, तो आकडा कृपया लेखी कळवावा. ईमेलमध्ये इन्शुरन्स हा शब्दही घालू नका. तो आकडा लिहिताना त्यांना तो शब्द आपसूक आठवेल.